तापाचा दवणा

या लेखात मी तुला गौतम म्हणणार आहे. हे तुझं नाव नाही.

बातमीत आम्ही कंसात 'नाव बदलले आहे' असं लिहितो आणि पुढच्या वाक्याला लागतो. पण स्मृतिलेख ज्याचा, त्याचंच नाव बदललेलं मी आजवर कुठे वाचलेलं नाही. कारण शेवटी येईल. गावाचं नावही देत नाही. घाटनांदूरच्या बाजूचं एक गाव, एवढं पुरे. मागच्या दुष्काळात या दवण्याची लागवड जिल्ह्यात आणखी काही गावांनी करून बघितली होती, त्यामुळे पिकावरून कुणी बोट ठेवू शकणार नाही.

परवा तुझा जलदान विधी झाला. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, टेबलावर तुझा नोकरीतला फोटो, पुढे मेणबत्त्या. भन्तेजींच्या मागून सगळ्यांनी पंचशील म्हटलं. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे चौथं शील आलं तेव्हा मी फोटोकडे बघितलं. तू हे रोज सकाळी अंघोळीनंतर म्हणायचास. आणि दोन वर्षं मी तुला खोटा समजत होतो. मी श्रद्धांजलीला आलोय की चौकशीला, हे तिथे बसूनही मला ठरवता येत नव्हतं. खिशात वही होती. वहीत एकच प्रश्न होता: तू राधाबाईला गोळ्या दिल्या होत्यास की नाही?

आपली ओळखही संशयातूनच झाली, तुला आठवत असेल. मी बीडला नवीन होतो. आरोग्य सेवक हिवतापाच्या रक्ततपासणीच्या काचा खोट्या भरतात, एकाच माणसाचं बोट टोचून चार काचा करतात आणि चार नावं टाकतात, असं कुणीतरी मला सांगितलं होतं. मी तुझ्या मागे एक दिवस हिंडायचं ठरवलं. खांद्याला पिशवी, पिशवीत टोचण्या, कापूस, काचपट्ट्या, कानावर पेन्सिल. गावोगावची माणसं तुला 'काचवाले' म्हणायची. तू घरात शिरायचास, ताप कुणाला विचारायचास, बोट टोचून थेंब काचेवर घ्यायचास आणि निघताना दाराशेजारी भिंतीवर तारीख लिहायचास. दुपारी लिंबाखाली भाकरी सोडताना तू मला म्हणालास, "का बे पत्रकार, काचा मोजतोस का?"

"मोजतोय."

"मोज. पण बोटं बी मोज."

मी दोन्ही मोजली. जुळली. बातमी झाली नाही. माणूस सरळ निघाला, तर आमच्याकडे त्याची बातमी होत नाही.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी मी तापानं पडलो. बीडला एसटी स्टँडच्या मागे माझी खोली होती. थंडी भरायची तेव्हा पलंग हलायचा. निरोप कुणी दिला माहीत नाही, पण तू आलास, काच घेतलीस, आणि दुसऱ्या दिवशी गोळ्यांची पट्टी घेऊन परत आलास. साधा नव्हता, डोक्यात जाणारा हिवताप होता. पलंगाच्या कडेला बसून तू मला दोन झाडांची गोष्ट सांगितलीस. एक दूर डोंगरातलं झाड, त्याच्या सालीतून क्विनाईन निघालं आणि कडू औषध म्हणजे तापाचं औषध असं सगळ्या जगाच्या डोक्यात बसलं. दुसरं कंबरेएवढं वाढणारं चिनी झुडूप, त्याच्या पाल्यातून ही नवी गोळी आली. आपल्या दवण्याच्या नात्यातलं, तसाच उग्र वास. "दोन्ही झाडपालाच हाय," तू म्हणालास, "पण झाड चघळून ताप जात न्हाई. गेला असता तर शेळ्यांनी दवाखाना काढला असता."

मी गोळ्या गिळल्या. तू म्हणालास, "जीभ वर कर."

"विश्वास नाही का?"

"इस्वास हाय. पण गोळी गालात धरून मागं थुंकणारे लई बघितलेत. जीभ वर कर."

मी केली. मग तू खिशातून कागदात बांधलेला गुळाचा खडा काढलास आणि माझ्या हातावर ठेवलास. तीन दिवस तू एसटीनं बीडला आलास, तीन दिवस माझी जीभ वर करून बघितलीस. तुझा हद्दीबाहेरचा रुग्ण होतो मी. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानायला गेलो असतो तर तू काहीतरी बोलला असतास आणि ते आभार वाया गेले असते.

तू निवृत्त झालास त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस आला नाही. टँकर सुरू झाले. लोकांनी मिळेल त्यात पाणी भरून ठेवलं, पिंपात, रांजणात, सिमेंटच्या हौदात. आणि तापाचे रुग्ण वाढले. कार्यालयातून मला विचारलं गेलं, नदी कोरडी, विहिरी कोरड्या, मग डास कुठून आले? मी तुला विचारलं. तू म्हणालास, "डासाला नदी लागत न्हाई बे. झाकण नसलेलं पिंप पुरतं. दुष्काळात माणूस पाणी साठवतो, अन् डास तिथंच बाळंत होतो." ती बातमी पहिल्या पानावर गेली. तुझं नाव मी घातलं नव्हतं, 'जाणकारांच्या मते' असं लिहिलं होतं. तू म्हणालास, "जाणकार म्हणजे मीच का? मला वाटलं कुणी मोठा माणूस हाय."

सहकारी संस्था त्याच वर्षी निघाली. औषधी वनस्पती उत्पादकांची. चेअरमन गावातले बागायतदार, पण त्या वर्षी त्यांच्याही बागेत धूळ होती. कमी पाण्यावर येणारं पीक, पाला वाळवून द्यायचा, बाहेरची कंपनी नेणार, त्यातून मलेरियाची गोळी होणार. माझ्या पलंगाशेजारी तू सांगितलेल्या गोष्टीतलं तेच चिनी झुडूप. गावानं त्याला नाव दिलं 'तापाचा दवणा'. मलेरियातलं कळणारा गावात एकच माणूस होता, म्हणून तुला सचिव केलं. मला तेव्हाच खटकलं होतं. ज्या माणसानं उभा जन्म सरकारी गोळ्या वाटल्या, त्याचं नाव पाला विकायला कशाला हवं? मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "पाला इकला म्हणून मी वैदू झालो का?"

पहिली खुरपणी तुला आठवते ना? सकाळी बाया रानात लावल्या आणि दुपारी चेअरमन ओरडत तुझ्या दारात आले. अर्धं रान मोकळं झालं होतं. बायांनी तापाचा दवणाच उपटून बांधावर टाकला होता. पानं गाजरगवतासारखी, तशीच कातरलेली. जन्मभर गाजरगवत उपटलेले हात, ते थांबतील कसे? चेअरमन बायांवर तापले होते. एक म्हातारी त्यांना म्हणाली, "तुमी सांगितलं गवत काढा. आमी काढलं. पेरायच्या आधी इचारायचं, गवत पेरू का म्हणून." तू हसलास. मग तू एकेकीच्या हातात एक एक पान दिलंस. चोळ, वास घे, मग उपट. गाजरगवताला हा वास नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाया पान चोळून हाताचा वास घेत खुरपत होत्या. तो फोटो मी काढला होता. आमच्या पेपरात तो आला.

मृगात पाला वाळायला तुझ्या माळवदावर पसरला होता. मी आणि तू कठड्याला टेकून बसलो होतो. मी विचारलं, लोक याचा काढा प्यायला लागले तर? मला त्यात बातमी दिसत होती. तू माझ्याकडे असं बघितलंस जसं आपण नवीन वार्ताहराकडे बघतो. "झाड खरं. गोळी खरी. मधला काढा खोटा," तू म्हणालास. "पाण्यात उकळून किती उतरतं, कुणाला ठावं? ताप दबतो, माणूस उठून बसतो, म्हणतो बरा झालो. किडा मेलेला नसतो. चार दिसांनी दुप्पट उठतो. अन् अर्धं औषध दिलं की किडा शहाणा होतो, मग पुऱ्या औषधाला बी भीत न्हाई." मी हे वहीत लिहून घेतलं, तारखेसह. अजून आहे.

म्हणून त्यानंतरच्या आठवड्यात जे बघितलं, ते मला सरळ दिसलं असं मला वाटलं.

राधाबाई तुझ्या ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. तिचं नावही खरं नाही. नवरा-बायको दोघं दर वर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, साखरपट्ट्यात. उन्हाळ्यात परत येतात. अशा जोडीला ऊसतोडीच्या हिशेबात एक कोयता म्हणतात. बाहेर ऊन होतं आणि तिच्या अंगावर घोंगडी होती. तू तिच्या हातात स्टीलचा पेला दिलास. मी दारात उभा होतो. वास माळवदावर येत होता तोच. मला बघून तुम्ही दोघंही बोलायचे थांबलात.

"काय देतोयस?"

"काढा."

"कशाचा?"

"तुला ठावं हाय की."

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मी आत आलो नाही. वळून चेअरमनकडे गेलो, माझं काम तिकडे होतं.

त्याच आठवड्यात दुष्काळातल्या तापाच्या बातमीसाठी मी तालुक्याच्या ठिकाणी रुग्णांची यादी बघत होतो. तुझ्या गावातून एकच काच दोषी आलेली, म्हणजे रक्तात हिवताप सापडलेली. नाव तुझ्या बायकोचं. शांता वहिनींनी परवाच मला चहा करून दिला होता, आणि साखर कमी झाली म्हणून तुला दोन शब्द सुनावले होते. त्या बाईला हिवताप? मी वहीत लिहिलं: 'खोटी काच. गोळ्या कुठे गेल्या?' वहीच्या डाव्या पानावर राधाबाईचा पेला होता, उजव्या पानावर वहिनींचं नाव. दोन पानं समोरासमोर होती. ती एकमेकांना लावून बघावीत असं माझ्या मनात आलं नाही. मला त्यात एका माणसाच्या दोन लबाड्या दिसल्या.

भाद्रपदात संस्थेची वार्षिक सभा झाली. शाळेच्या पटांगणात मंडप. चेअरमननी भाषणात सांगितलं, "आपली राधाबाई. पोरीला उठता येत नव्हतं. सचिवसाहेबांनी आपल्या पाल्याचा काढा पाजला. आज बघा, तिथं बसलीय टुणटुणीत." टाळ्या झाल्या. बायांच्या बाजूला सगळ्यांच्या माना वळल्या. पुढच्या रांगेत गावचा मुकादम बसला होता, ऊसतोडीला टोळ्या नेणारा. तोही संस्थेचा सभासद होता. मग आभार मानायला तू उठलास. माइक हातात घेतलास. मी पेन तयार ठेवलं होतं. माळवदावरचं वाक्य तू इथे म्हणशील अशी माझी खात्री होती. तू सभासदांचे, पाहुण्यांचे, मंडपवाल्याचे आभार मानलेस आणि खाली बसलास.

महिन्याच्या आत भागवत पडला. मळ्यात राहणारा, तरणाताठा, संस्थेचा सभासद. सभेत होता तो. ताप आला तेव्हा त्यानं घरचाच पाला उकळला. दोन दिवस बरं वाटलं, मग बरळायला लागला. तूच त्याला जीपमध्ये घालून अंबाजोगाईला नेलंस. सलाईनमधून क्विनाईन चढवलं. मी तिथे पोचलो तेव्हा शुद्धीवर येऊन तो म्हणत होता, "कानात पिठाची गिरणी चाललीय." तू त्याच्या उशाशी बसला होतास. "चालू दे. गिरणी चालू हाय म्हणजी औषध लागलंय." तो वाचला. गिरणीचा आवाज काही दिवसांनी थांबला.

मी बातमी दिली. 'आरोग्य खात्यात हयात घालवलेल्या सचिवांनीच हिवतापाच्या महिला रुग्णाला गोळ्यांऐवजी काढा दिला. त्याच भरवशावर दुसरा रुग्ण अत्यवस्थ.' तीन कॉलम. ती चांगली बातमी होती.

आठ दिवसांनी तू बीडला आलास. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो. चहा आला तरी तू पेल्याला हात लावला नाहीस.

"छापलंस."

"छापलं. त्यात चूक काय ते सांग."

"राधाबाईला विचारलंस का?"

"ती ऊसतोडीला गेली."

"मंग थांबायचं की बे."

"भागवत थांबणार होता का?"

त्यावर तू गप्प झालास. ते तुला लागलं, हे मला दिसलं, आणि मला बरं वाटलं. मग तू म्हणालास, "बायांना मी काय शिकवलं होतं? चोळ, वास घे, मग उपट. तू मला उपटलंस. चोळून बघितलं न्हाईस."

"मग आता सांग. गोळ्या दिल्या होत्यास का? आणि वहिनींच्या नावावर काच कशी?"

तू पिशवी खांद्याला लावलीस. "घाटनांदूर लागली," म्हणालास, आणि निघून गेलास. मी खिडकीतून बघितलं. फलाटावर त्या वेळी घाटनांदूरची गाडी नव्हती.

ती आपली शेवटची भेट.

संस्था पुढच्या वर्षी बंद पडली. माझ्या बातमीनं की पावसानं, ते मी सांगू शकत नाही. पाऊस झाला आणि लोक सोयाबीनकडे गेले. तुझं मात्र मला कळत होतं. तापाचा माणूस तुझ्या दारात येणं थांबलं होतं. आमच्या घाटनांदूरच्या वार्ताहरानं एकदा सहज सांगितलं, "आता लोक त्यांना काढेवाले म्हणतात." मी ऐकून घेतलं.

तू गेलास ते हृदयविकारानं, बसल्या जागी, हे त्याच वार्ताहराच्या निरोपातून कळलं. दोन ओळींची निधनवार्ता त्यानं पाठवली होती. ती मीच शुद्ध केली. त्यात 'काढा' हा शब्द नव्हता, एवढं बघितलं.

परवा विधी झाल्यावर माणसं पांगली. वहिनी मागच्या दारी एकट्या बसल्या होत्या. मी जवळ गेलो. वेळ चुकीची होती, हे मला कळत होतं.

"वहिनी, त्या दुष्काळात तुम्हाला मलेरिया झाला होता का?"

त्यांनी वर बघितलं. "आलं का शेवटी तोंडात? दोन वर्सं तुमी गावात येत होते, पण या घरावरून जाताना मान वळवत होते. मला वाटलं, ह्ये माणूस आता मेल्यावर बी विचारणार न्हाई."

"झाला होता का?"

"मला कुठला मलेरिया? मला शिंक बी येत न्हाई. काच राधीची, ह्यांनीच घेतलेली. नाव माझं."

मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, "ते राधीला विचारा. तिचं हाय ते, माझं न्हाई. मी एवढंच सांगते, ह्यांच्या जागेवर आलेला नवा पोरगा पट्टी घेऊन आमच्या दारात आला, मी ती घेतली, अन् ह्यांनी तीन दिस राधीला इथं बोलावलं. मी गुळाचे खडे फोडून दिले."

मला गुळाचा खडा माहीत होता. तरी एका घरातल्या माणसाची साक्ष म्हणजे साक्ष नव्हे. मी तसाच राधाबाईच्या घरी गेलो.

ती सामान बांधत होती. पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, तवा, दोन कोयते फडक्यात गुंडाळलेले. दसऱ्यानंतर ट्रक येणार होता. मी नाव सांगितलं. तिनं गाठ मारता मारता माझ्याकडे बघितलं.

"तुमीच का ते पेपरवाले? मी घोंगडी घेऊन बसलते तवा दारात उभे होते ते?"

"हो."

"मंग दारातच कावून उभे राहिले? आत यायचं की."

मी म्हटलं, आता विचारतो. काढ्याबरोबर गोळ्या होत्या का?

"गोळ्या आधी. तुमी यायच्या आधीच गिळल्यात्या. काढा वरून. दादा म्हणले, राधे, जीभ वर कर. मला राग आला. मी म्हणलं, दादा, मी काय कुक्कुलं लेकरू हाय का? तर म्हणले, कर गप, बीडच्या पत्रकाराला बी करायला लावलीय."

गौतम, मी वही मिटली. तीन दिवस, तीन वेळा, माझ्या खोलीत तिसरं कुणी नव्हतं. मी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं नव्हतं. तिला ते तुझ्याशिवाय कुणाकडून कळणार?

मग बाकीचं तिनं आपणहून सांगितलं. त्या महिन्यात मुकादम टोळी ठरवत होता. "गोळी म्हणलं की मलेरिया. मलेरिया म्हणलं की मुकादम दुसरा कोयता बघतो. दुखणेकरी बाई फडात कुणाला नको असती. काढा काय, कुणी बी पितं. मी दादाच्या पाया पडले, म्हणलं माझं नाव यादीत घालू नका. दादा म्हणले, बरं. शांताचं घालतो, तिला कुठं ऊस तोडायला जायचंय." सभेबद्दल मी विचारलं. ती म्हणाली, "मुकादम पुढंच बसलता. दादानं माइक धरला. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. अन् आभार मानून बसले खाली."

म्हणजे गोळ्या दिल्या होत्यास. काच खोटी नव्हती, त्यावरचं नाव खोटं होतं. आणि माझ्या बातमीतला 'ऐवजी' खोटा होता.

पण मी तुला एवढ्यावर सोडत नाही. सोडलं तर तू मला हसशील. त्या माइकवर तू राधाबाईचं नाव न घेता म्हणू शकला असतास, की लोकहो, काढ्यावर राहू नका, ताप आला की काच द्या. एक वाक्य. चेअरमननी नुकतंच काढ्याचं कौतुक केलेलं, त्यावर तू असं बोललास तर लोक विचारणार, मग ही कशानं बरी झाली? आणि सगळ्या माना पुन्हा तिच्याकडे वळणार, मुकादमाची पहिली. हे मला कळतं. तरी भागवत त्याच मंडपात बसला होता. तू एकीचा कोयता राखलास आणि दुसऱ्याचा जीव पणाला लागला. हॉटेलात मी त्याचं नाव घेतलं तेव्हा तू गप्प का झालास, हे आता समजतं. मला तेव्हा वाटलं होतं, सापडला.

वहिनी म्हणतात, सभेच्या दुसऱ्या दिवसापासून तू घरोघर हिंडून सांगत होतास, काढा पिऊ नका. मळ्यातली घरं शेवटी ठेवलीस. मी भागवतला विचारलं. तो म्हणाला, "आलते का? आले बी असतील. मला तापात काय कळत होतं?" हे मी इथे नोंदवून ठेवतो. सिद्ध झालं असं म्हणत नाही. वहिनींच्या बोलण्यावर माझा विश्वास आहे. पण जीभ वर करून बघायला तूच शिकवलंस.

निघताना मी राधाबाईला विचारलं, "हे पेपरात घालू का? दादाचं नाव साफ होईल."

ती पेटीवर बसली. मग म्हणाली, "यंदा बी त्योच मुकादम हाय."

मी बीडला आलो. कार्यालयात बसून खुलासा लिहिला. तुझं खरं नाव, गावाचं नाव, बातमीची तारीख, गोळ्या दिल्या होत्या हे तपासाअंती स्पष्ट झाल्याचं वाक्य. पाच ओळी. आमच्याकडे खुलासा असाच लिहितात. मग वाचून बघितला. त्या गावात काढ्यानं बरी झालेली बाई एकच आहे, आणि ती कोण हे चेअरमननी भर सभेत बोट दाखवून सांगितलेलं आहे. तुझं नाव छापलं की तिचं छापल्यासारखंच होतं. तू दोन वर्षं काढेवाला म्हणून घेतलंस ते यासाठी, आणि मी ते पाच ओळींत उघडं करणार होतो. तेही तुझ्यावर उपकार म्हणून.

गोळ्यांचं वाक्य काढलं. गाव काढलं. तारीख काढली. शेवटी तुझं नाव काढलं. हा लेखही म्हणून इकडे देतोय, तुझ्या गावात न पोचणाऱ्या अंकाला, नावं बदलून.

आमच्या पेपरासाठी एकच वाक्य उरलं. उपसंपादकानं ते वाचून विचारलं, "याचा अर्थ काय? कुणाचा खुलासा आहे हा? कुणाला कळणार?" मी म्हटलं, जसंच्या तसं जाऊ दे. उद्याच्या अंकात आतल्या पानावर, खाली, ते येईल: 'काढ्यासंबंधी पूर्वी प्रसिद्ध झालेली बातमी देताना आमच्या प्रतिनिधीने संबंधित रुग्णाला विचारले नव्हते.' खुलाशात प्रतिनिधीचं नाव घालायची आमच्याकडे पद्धत नाही.

मी माझं घातलंय.